कामाला वार नेमून द्या

दुपारची भांडी झाली असतील तर बसून ऐका, झाली नसतील तर घासत घासत ऐका. रेडिओचं हेच बरं असतं, हात अडकत नाहीत.

मागच्या महिन्यात शेवाळ्याकडच्या एका ताईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "ताई, पहाटं पाचला उठते, रात्री दहाला पाठ टेकते. मधात बसत नाही. तरी बी आज काय केलं म्हणून कुणी विचारलं तर एक काम धड सांगता येत नाही. सगळं अर्धंमुर्धं. माझं काय चुकतंय?" मी फोनवर त्यांना काहीतरी सांगितलं, पण माझं उत्तर मलाच पटलं नाही. कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्याच जागी होते. तेव्हा काय झालं ते आधी सांगते.

मी बाळापुरात शिवणकाम करते हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. शेतही आहे, घरात सासू-सासरे, जाऊबाई, लेकरं आहेत. लगीनसराई होती. एका वेळी नऊ-दहा ब्लाऊज घरात उघडे पडलेले. एकाचं कटिंग झालेलं, दुसऱ्याला बाही लावायची, तिसऱ्याचं अस्तर आणायचं राहिलेलं. मधेच कुणी फॉल-पिको घेऊन यायचं, मधेच दूध उतू जायचं, मधेच शेतातून डबा मागायला माणूस यायचा. अशा गडबडीत मी दोन गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या आणि नवरीचं शालूवरचं कापड दुसरीच्या मापानं कापलं. कापलेलं कापड काही जोडता येत नाही. नवरीची आई आली, कापड पाहिलं, एक शब्द बोलली नाही. पिशवीत घातलं आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पैसे नेऊन दिले, ते तिनं घेतले. पण त्या गावाचं गिऱ्हाईक जे तुटलं ते तुटलंच, आजपर्यंत आलेलं नाही.

त्या रात्री मी मनाशी म्हटलं की माझा हात वाईट नाही, नजरही वाईट नाही. मग हे झालं कसं?

थोडा विचार केल्यावर कळलं. प्रत्येक कामाला स्वतःची मांडामांड असते. कटिंग करायचं तर खाट बाजूला करा, सतरंजी अंथरा, कात्री, खडू, टेप, पट्टी काढा, मापाची चिठ्ठी वाचून डोक्यात बसवा. शिवायचं तर बॉबिन भरा, धागा बदला, सुई बघा, मशीनला तेल द्या. हे दिसायला पाच मिनिटांचं काम, पण दिवसातून दहा वेळा कामं बदलली तर दहा वेळा मांडायचं आणि दहा वेळा आवरायचं. शिवाय डोकंही मांडावं लागतं, ते तर हिशोबातच येत नाही. मापाचा आकडा डोक्यात बसतो न बसतो तोच कुणीतरी हाक मारतं.

आता बघा, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? उन्हाळ्यात कुरडया कोणी रोज चार-चार करतं का? गहू भिजत घालायचे, चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा, गल्लीतल्या चौघी जमवायच्या आणि एका सकाळी खाटभर कुरडया पाडून मोकळं व्हायचं. पापडाचंही तसंच, शेवयांचंही तसंच. ज्या कामाची मांडामांड मोठी ते काम एका दिवशी, एकत्र. हे शहाणपण आपल्याकडं वर्षाच्या कामांना आहे. आठवड्याच्या कामांना मात्र आपण ते लावत नाही.

मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला. अमेरिकेत जॅक डॉर्सी म्हणून एक गृहस्थ आहेत, ट्विटर काढणाऱ्यांपैकी. २०११ साली ते ट्विटर आणि स्क्वेअर अशा दोन कंपन्यांचं काम एकाच वेळी बघत होते, आणि त्यांनी सांगितलं होतं की मी प्रत्येक वाराला एक विषय दिला आहे. सोमवारी कंपनीचा कारभार, मंगळवारी वस्तू कशी बनवायची ते, बुधवारी जाहिरात आणि वाढ, असं करत करत शनिवारी सुट्टी आणि रविवारी पुढच्या आठवड्याचा विचार. मला ते फार आवडलं. लगेच लेकीच्या वहीचं पान फाडलं, सोमवार ते रविवार लिहिलं, प्रत्येकापुढे एक काम लिहिलं आणि भाताच्या शितानं भिंतीला चिकटवलं.

बुधवारपर्यंतही ते टिकलं नाही.

का टिकलं नाही, ते इथं जरा सविस्तर सांगते, कारण मोबाईलवर सांगणारे एवढंच सांगत नाहीत. डॉर्सीसाहेबांचा दिवस त्यांच्या हातात होता. आपला दिवस आपल्या हातात येण्याआधीच चौघांनी वाटून घेतलेला असतो. शेताच्या मोटारीला लाईट चक्राकार असते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्यात घरातला माणूस रात्रभर केळीला नाहीतर हळदीला पाणी देणार, पहाटे येणार, दिवसा झोपणार. म्हणजे त्या दिवशी घरात मशीनचा खडखडाट चालत नाही. कालव्याची पाणीपाळी आली की त्या दिवसांचं सगळंच वेगळं. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार ते नळालाच माहीत. आणि बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले पाहुणे चहाला येणारच.

सरकारनं २०२४ साली देशभर पाहणी केली, लोकांचा वेळ कुठं जातो याची. घरातली बिनपैशाची कामं, म्हणजे स्वयंपाक, धुणं, झाडलोट वगैरे करणाऱ्यांत बाईची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषाची ८८. आणि बाईच्या त्या २८९ मिनिटांतलं एकही मिनिट तिनं ठरवलेल्या वेळी येत नाही. भूक लागते तेव्हा स्वयंपाक आणि पाणी येतं तेव्हा धुणं. मग सोमवारच्या पुढं 'कटिंग' लिहून काय होणार?

दुसरी चूक त्याहून मोठी होती, आणि ती समजायला मला बरेच दिवस लागले. तो कागद मी एकटीनं लिहिला होता आणि एकटीच वाचत होते.

वार म्हणजे काय, याचा विचार करा. आपला आठवडी बाजार घ्या. कुणाचा बाजार बाळापूरचा, कुणाचा कळमनुरीचा, कुणाचा डोंगरकड्याचा किंवा वारंग्याचा, ज्याचा त्याचा वार ठरलेला. त्या वाराला कुणी दवंडी देत नाही. भाजीवाला पहाटे माळवं तोडतो, चपलावाला टेम्पो भरतो, मजुरी बहुतेक ठिकाणी बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी वाटतात, आपण घरात मीठ-मिरची किती शिल्लक आहे ते आदल्या रात्री बघून ठेवतो. हजारो माणसं एकमेकांना न विचारता एका जागी येतात, कारण वार सगळ्यांना ठाऊक आहे. समजा तुम्ही एकटीनंच ठरवलं की उद्या बाजार आहे, तर तुम्ही पिशवी घेऊन रिकाम्या मैदानात उभ्या राहाल. माझा भिंतीवरचा कागद तसाच होता.

आज आपण रविवारला सुट्टीचा वार म्हणतो. तो काही आभाळातून पडला नाही. आपल्या या भागात निजामाचं राज्य होतं तेव्हा कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी असायची, जुन्या माणसांना विचारा. आणि मुंबईच्या गिरण्यांत तर कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक समाजातले सहकारी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी मागितली. मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला मोठी सभा झाली, सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषण केलं. १८९० साल, बरं का. त्यांची नावं आपल्याला शाळेच्या पुस्तकात कधी वाचायला मिळाली नाहीत. मालकांच्या संघानं १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

म्हणजे एक वार मोकळा मिळायला चारचौघांत मागावा लागला आणि समोरच्यानं हो म्हणावं लागलं. लोखंड्यांनी घरी बसून स्वतःपुरता रविवार पाळला असता तर गिरणीतून नाव कमी झालं असतं, एवढंच. आणि हेही खरं की त्या रविवारी गिरणीतली बाई घरी गेल्यावर काय करत असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आजही रविवारी घरात सगळ्यांना सुट्टी असते म्हणून आपल्याला काम जास्त असतं.

दुसरं उदाहरण महात्मा गांधींचं. ते सोमवारी मौन पाळत. त्या दिवशी लिहायचं, बोलायचं नाही. २ जून १९४७ ला, देशाच्या फाळणीचा निर्णय होत होता तेव्हा, व्हाइसरॉय माउंटबॅटन त्यांच्याशी बोलायला बसले. नेमका सोमवार. गांधीजींनी वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीनं उत्तरं लिहून दिली, तोंड उघडलं नाही. एवढ्या मोठ्या प्रसंगीही चाललं, कारण तो त्यांचा वार आहे हे अवघ्या देशाला माहीत होतं. आपण काही गांधीजी नाही, पण आपल्या गल्लीपुरतं तर माहीत करून देता येतं.

तर मी दुसऱ्यांदा कसं केलं ते आता सांगते.

आधी नवीन काही लिहिलं नाही. जे वार अगोदरच बांधलेले आहेत तेवढे लिहिले. बाजाराचा वार. आमच्या बचत गटाच्या बैठकीचा वार. उमेद अभियानाच्या पंचसूत्रीत पहिलं सूत्रच नियमित बैठकीचं आहे, आणि आमची बैठक दर आठवड्याला ठरलेल्या वारी होते, तो हलत नाही. सासूबाईंच्या उपासाचा वार, कारण त्या दिवशी स्वयंपाक दोन तऱ्हेचा. बँक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी आणि रविवारी बंद, तेही लिहिलं. एवढं लिहिल्यावर दिसलं की माझा आठवडा सोमवारी सुरूच होत नाही, बाजारापासून सुरू होतो. गिऱ्हाईक त्या दिवशी येतं, पैसा त्या दिवशी येतो, माल त्या दिवशी जातो. तुमचंही तसंच असेल. म्हणून सोमवार-मंगळवार सोडून दिले आणि बाजारापासून दिवस मोजायला लागले.

बाजाराच्या दिवशी मी मशीनवर बसतच नाही. खेड्यापाड्यांतल्या बायका बाजाराला आल्या की येतात, त्यांची मापं घ्यायची, कापड घ्यायचं, तयार झालेलं द्यायचं. प्रत्येक कापडाला त्याच वेळी चिठ्ठी टाचायची, नाव, गाव, माप. चिठ्ठी नंतर लिहीन म्हणायचं नाही, ही अक्कल मला महागात पडलेली आहे.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फक्त कटिंग. दिवसभर नाही, दुपारचे दोन-अडीच तास. पण त्या दोन तासांत मी दुसरं काही करत नाही. आठवड्याभराचं सगळं कापड एका बैठकीला कापून होतं, कारण सतरंजी एकदाच अंथरते आणि डोकं एकदाच बसवते. त्यानंतरचे दोन दिवस शिवायचं. तेही रंगानं लावून: आधी लाल-मरून, मग हिरवे-निळे, म्हणजे धागा आणि बॉबिन सारखी बदलावी लागत नाही. पूर्वी ज्या कामाला पाच दुपारी लागायच्या ते आता दोन दुपारींत बसतं. मला स्वतःला खोटं वाटलं होतं.

गटाच्या बैठकीच्या वारी हुक, काज, हातशिलाई आणि फॉल. हे काम कुठंही बसून होतं, ते मी बैठकीतच घेऊन जाते. अध्यक्षांना आधी आवडलं नाही, आता दोघी-तिघी आणखी आणतात.

त्याच्या पुढचा दिवस कागदाचा. हा वार शिवणकाम न करणाऱ्या बाईलाही लागतो म्हणून जरा ऐका. आपल्या घरात कागद रोज येतात. लाईटबिल, बँकेचं पासबुक, लेकराच्या शाळेचा फॉर्म, रेशनची ई-केवायसी, पीक विम्याची मुदत, दवाखान्याची चिठ्ठी. प्रत्येक कागदासाठी वेगळी चक्कर झाली की अख्खा आठवडा रस्त्यावर जातो, आणि ज्याची मुदत सगळ्यात जवळ तोच कागद नेमका गादीखाली सापडतो. मी खुंटीला एक कापडी पिशवी अडकवली आहे. आठवड्यात जो कागद येईल तो वाचायचा आणि पिशवीत टाकायचा. कागदाच्या वारी ती पिशवी काखेला मारायची आणि एका चकरेत बँक, सेवा केंद्र, शाळा, दवाखाना जे निघेल ते करून यायचं. मुदत जवळची असेल तर अर्थात थांबायचं नाही, वाराचं नाव सांगून विमा बुडवू नका.

आणि बाजाराच्या आदला दिवस रिकामा. इस्त्री तेवढी करायची. बाकी तो दिवस मागं राहिलेल्या कामाचा. पाव्हणं आलं, लेकरू आजारी पडलं, लाईट गेली, हे दर आठवड्याला होणारच आहे, मग त्यालाही एक वार द्यायला नको का? पहिल्या कागदावर मी सातही दिवस भरून टाकले होते. एक दिवस निसटला की पुढचे सगळे पत्त्यांसारखे पडायचे.

आता मुख्य गोष्ट, सांगण्याची. मी संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते साडेचार मला कुणी हाक मारायची नाही. सासरे काही बोलले नाहीत. मालकांनी विचारलं, "आन् च्या?" सासूबाई म्हणाल्या, "काहून गं, कापायचा वार म्हणून पाटी लावतीस का दाराला?" मी म्हटलं, "आत्या, लावते." आणि खरंच लावली, लेकीकडून रंगीत खडूनं लिहून घेतली: आज कटिंग आहे, कपडे बाजाराच्या दिवशी आणावेत. गल्लीत हसले लोक. दोन बायका रागावून दुसरीकडं गेल्या, हेही सांगायला हवं. पण जाऊबाईंशी मी अदलाबदल केली: माझ्या कटिंगच्या दिवशी दुपारचा चहा-पाणी आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्यांचा, त्यांच्या माळकरणींच्या भजनाच्या दिवशी माझा. त्याशिवाय हे जमलंच नसतं. एकटी बाई असेल तर शेजारणीशी करा, लेकरं सांभाळायची अदलाबदल तर सहज होते.

साधारण दोन महिने रोज आठवण करून द्यावी लागली. मग एका दुपारी मी आत कापत होते आणि दारात कुणीतरी हाक मारली. मी उठायच्या आधी सासूबाईंचा आवाज आला, "आज नाही बाई, आज तिचा कापायचा वार हाय. बाजाराला ये." त्या दिवसापासून पाटीची गरज राहिली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय खरंतर घेतला ती सांगते.

कामांना वार लावताना माझ्या लक्षात आलं की ज्या कामाची कुणीतरी वाट बघत असतं त्याला वार आपोआप मिळतो. गिऱ्हाईक वाट बघतं, गट वाट बघतो, बँक तर बघतेच. पण ज्याची कुणीच वाट बघत नाही असं एक काम उरतं, आणि ते आपल्या अंगाचं असतं. एका शिबिरात माझं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. चिठ्ठी दिली, पुन्हा तपासून घ्या म्हणाले. ती चिठ्ठी माझ्याकडं सात महिने होती. मी टाळत नव्हते हो. रोज 'उद्या जाईन' म्हणत होते, आणि उद्या हा काही वार नाही. पायऱ्या चढताना धाप लागायची, मशीनवर पाय थांबायचे, मला वाटायचं वय झालं. कागदाची पिशवी लावली तेव्हा ती चिठ्ठी तिच्यात पडली आणि पहिल्याच चकरेत दवाखाना झाला. औषध सुरू झालं.

आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलेलं आहे. आणि गंमत बघा, सरकारनंही यावर वाराचाच उपाय काढला. शाळेतल्या दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा देतात, आणि ती ठरलेल्या एकाच वारी, शक्यतो सोमवारी द्यावी असं ठरवलं. रोजची गोष्ट सवयीनं होते, वर्षाची गोष्ट सणासारखी लक्षात राहते, आठवड्याची मात्र वार ठरवल्याशिवाय विसरतेच. 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात वीस ते एकोणपन्नास वयाच्या, गरोदर किंवा अंगावर पाजत्या नसलेल्या बायकांसाठीही आठवड्याला एक गोळी सांगितली आहे. आमच्या गटानं आशाताईंना विचारून ती बैठकीच्या वाराला जोडली. जेवण करून यायचं, बैठकीत सगळ्यांनी एकदम गोळी घ्यायची, वहीत बचतीच्या शेजारी खूण करायची. एक अडचण आली. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतला तर लोह अंगी नीट लागत नाही, आणि चहाशिवाय बैठक म्हणजे आमच्यात भांडणच. शेवटी लिंबू सरबतावर तडजोड झाली, लिंबानं उलट लोह चांगलं लागतं. ज्यांचं रक्त तपासणीत कमी निघालं आहे त्यांनी मात्र आठवड्याच्या गोळीवर राहायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं औषध रोज घ्यायचं.

आता तुम्ही विचाराल ते प्रश्न.

मजुरीला जाणाऱ्या बाईनं काय करावं? खरं सांगते, तिला दुपारचे दोन तास मिळणार नाहीत. मी तिला सात वारांचं वेळापत्रक सांगितलं तर ती माझ्यावर हसेल, आणि हसावंच. तिनं दोनच वार धरावेत. एक बाजाराचा, ज्या दिवशी बहुतेक जणी तशाही मजुरीला जात नाहीत. त्या दिवशी बाजार करायच्या आधी कागद आणि दवाखाना उरकायचा, नंतर नाही, कारण बाजाराच्या पिशव्या हातात आल्या की पाय घराकडंच वळतात. दुसरा गटाचा. एवढंही पुष्कळ झालं.

सुगीत काय करायचं? सोयाबीन काढणीच्या दिवसांत वार पाळायचे नाहीत. हळद काढून शिजवायला लागली की कढईपुढून उठता येत नाही, तेव्हाही नाही. मी त्या दिवसांत बाजाराच्या दिवशीच गिऱ्हाइकांना सांगून टाकते की दोन आठवडे नवीन कापड घेणार नाही. पूर्वी नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, घ्यायचे आणि मग तोंड लपवायचे. पण गटाचा वार सुगीतही मोडत नाही. रात्री आठला बसतो, अर्ध्या तासात उठतो. एक तरी वार चालू राहिला तर सुगी संपल्यावर बाकीचे परत लागतात.

आणि काही कामांना वार नसतोच. गोठा, तान्हं लेकरू, अंथरुणावरचं माणूस. तिथं वार लावायला जाऊ नका. त्या कामात वाटेकरी शोधायचा असतो, तो वेगळा विषय आहे, त्यावर आपण एखाद्या दिवशी घरातल्या पुरुषांनाही रेडिओजवळ बसवून बोलू.

शेवाळ्याच्या ताई, तुम्ही ऐकत असाल तर एवढं करा. या आठवड्यात नवीन काहीच ठरवू नका. एका कागदावर फक्त जे वार आधीपासून बांधलेले आहेत ते लिहा, बाजारापासून सुरू करून. मग बघा कोणती दुपार सगळ्यात मोकळी दिसते. त्या दुपारी कोणतं काम, ते ठरवा, आणि ठरवलं की पहिल्यांदा सासूबाईंना सांगा. मला फोन करून कळवा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते साडेचार तेवढा करू नका.